बाराव्या दिवसाचं रक्त

फॉर्मवरचा एकच रकाना रिकामा होता: ताप सुरू झाल्याची तारीख. बाकी सगळं नीट भरलेलं होतं. वय, गर्भारपणाचा चौदावा आठवडा, ताप, अंगभर पुरळ, सांधेदुखी. सोबत बाहेरच्या एका लॅबचा रिपोर्ट पिनने टाचलेला, त्यावर ‘डेंग्यू आयजीएम पॉझिटिव्ह’. आणि तळाशी डॉक्टरांच्या अक्षरात दोन शब्द: ‘झिका आहे?’ गर्भारपणात झिका झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो, म्हणून हा प्रश्न.

नमुना बर्फाच्या डब्यातून काढायच्या आधी मी फोन उचलला. गेली अकरा वर्षं मी विषाणू-निदानाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यातली बहुतेक डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर. या कामात सर्वांत मोलाची माहिती त्या एका रकान्यात असते आणि तोच रकाना सर्वांत जास्त वेळा कोरा येतो. (पेशंटची ओळख पटेल असं काहीही या लेखात ठेवलेलं नाही.)

डॉक्टर म्हणाल्या, “आठवडा झाला असेल, मॅडम.”

“असेल की झालाय? पुरळ कधी आलं ते नको, ताप कधी चढला ते हवंय. त्यांनाच विचारून सांगाल?”

वीस मिनिटांनी त्यांचा उलटा फोन आला. रक्त घेतलं तो तापाचा बारावा दिवस होता. शिवाय पेशंटला नऊ वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेलेला, तेव्हा रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. पीतज्वराची लस घेतलेली नाही. लहानपणी मेंदूज्वराची म्हणून एक लस टोचली होती, पण कागद नाही. मी हे सगळं फॉर्मच्या मागच्या बाजूला पेनने लिहून घेतलं. यातली एकेक ओळ पुढच्या सहा आठवड्यांत आमच्या आडवी येणार होती.

सातवा दिवस आणि बारावा दिवस यांत फरक काय, हे थोडं सविस्तर सांगते. डेंग्यूचा किंवा झिकाचा विषाणू रक्तात साधारण पहिला आठवडाभर सापडतो. तेवढ्या काळात आरटी-पीसीआर त्याचा आरएनए थेट वाचते, आणि डेंग्यू असेल तर एनएस१ हे त्याचं प्रथिनही रक्तात मिळतं. तेव्हा विषाणू नावानिशी ओळखता येतो, चारपैकी कोणता डेंग्यू तेही कळतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शरीर आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे संसर्गानंतर सर्वांत आधी येणारी संरक्षक प्रथिनं, बनवायला लागतं आणि विषाणू ओसरतो. त्यानंतर हातात उरतात ती फक्त प्रतिपिंडं. चोर निघून गेलेला असतो आणि आपण त्याच्या पावलांच्या ठशांवरून त्याला ओळखू पाहतो. अडचण अशी, की या घराण्यातल्या सगळ्यांची पावलं जवळपास सारखी.

डेंग्यूचे चार प्रकार, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, पीतज्वर ही सगळी एका कुळातली भावंडं: फ्लॅव्हिव्हायरस. सुमारे अकरा हजार अक्षरांचा आरएनए आणि त्यावर प्रथिनांचं कवच. कवचावरच्या ‘ई’ प्रथिनात एक छोटा फास असतो. विषाणू पेशीत शिरतो तेव्हा पेशीच्या आवरणात तो फास घुसवतो आणि दोन्ही आवरणं एकमेकांत मिसळतात. या फासात बदल झाला तर विषाणूला आत शिरताच येत नाही, म्हणून काळाच्या ओघात भावंडं वेगळी झाली तरी फास सगळ्यांचा तोच राहिला. आपलं शरीर नेमकी त्याच्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं बनवतं. ती डेंग्यूला चिकटतात तशीच झिकालाही चिकटतात. (चिकुनगुनिया त्याच डासातून येतो, लक्षणंही पुष्कळशी तीच, पण तो वेगळ्या कुळातला. त्याची प्रतिपिंडं या गोंधळात पडत नाहीत.)

पीसीआर तरीही केली. पहिल्या नमुन्यात सीरम (गुठळी झाल्यावर वर उरणारा रक्ताचा पातळ भाग) निघालं जेमतेम सहाशे मायक्रोलिटर, त्यातलं १४० आरएनए काढण्यात गेलं. चाचणी नीट चालली हे दाखवणारे इंटर्नल आणि पॉझिटिव्ह कंट्रोल व्यवस्थित उठले, नमुन्याची रेघ चाळीस चक्रं संपेपर्यंत सपाट. डेंग्यू नाही, झिका नाही. बाराव्या दिवशी हे अपेक्षितच होतं. झिकाचा आरएनए लघवीत रक्तापेक्षा जास्त दिवस मिळतो, म्हणून लघवी मागवली. ती आली पंधराव्या दिवशी, तीही निगेटिव्ह. इथे मला डॉक्टरांना पुन्हा फोन करून सांगावं लागलं, की या ‘निगेटिव्ह’चा अर्थ ‘झिका नव्हता’ असा होत नाही. त्या म्हणाल्या, “समजलं.” मग थोडं थांबून, “पण पेशंटला हे समजावणं कठीण आहे.” खरंच कठीण आहे.

मग आयजीएमची एलायझा, म्हणजे रंगावरून प्रतिपिंडं मोजणारी चाचणी. ही चाचणी मला मनापासून आवडते आणि तिची मर्यादा तितकीच टोचते. प्लेटमधल्या ९६ खाचांच्या तळाशी माणसाच्या आयजीएमला पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली असतात. त्यात पेशंटचं सीरम घालायचं, म्हणजे त्यातलं आयजीएम तिथे अडकतं. धुवायचं. मग विषाणूचं अँटीजेन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो त्याचा भाग, घालायचं; आयजीएम त्या विषाणूविरुद्धचं असेल तर अँटीजेन धरून ठेवतं. पुन्हा धुवायचं. मग रंग देणारं प्रतिपिंड आणि शेवटी ज्याचा रंग बदलतो ते रसायन, सबस्ट्रेट. खाच आधी निळी होते, आम्ल घातलं की पिवळी, आणि यंत्र त्या पिवळेपणाला आकडा देतं. निगेटिव्ह सीरमच्या आकड्याशी त्याचं गुणोत्तर काढायचं. तीन किंवा वर असेल तर पॉझिटिव्ह, दोन ते तीन संशयास्पद.

आमच्या डेंग्यूच्या आणि झिकाच्या प्लेटमध्ये अँटीजेन वेगळं असतं, पण रंग देणारं प्रतिपिंड एकच. ते अख्ख्या कुळाला ओळखणारं आहे. नवीन मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण किटच्या खोक्यावर ‘झिका आयजीएम’ असं छापलेलं असलं, की आत झिकाचंच काही मोजलं जातंय असं डोळ्यांना वाटतं.

दोन्ही प्लेट्स पिवळ्या झाल्या. डेंग्यूचं गुणोत्तर ९.४, झिकाचं ६.८. आयजीजी, म्हणजे मागून येणारी आणि वर्षानुवर्षं टिकणारी प्रतिपिंडं, तर पहिल्याच नमुन्यात भरमसाट.

त्या संध्याकाळी आमच्या सरांनी मला जवळ बसवलं. एलायझाचे दोन आकडे शेजारी ठेवून मोठ्या आकड्याला विजयी घोषित करायचा मोह इथे प्रत्येकाला होतो, मलाही झाला. नऊ आणि सात, मग डेंग्यू. सरांनी मला १९९९च्या न्यूयॉर्कची आठवण करून दिली. ऑगस्टच्या शेवटी तिथे मेंदूज्वराचे रुग्ण सापडायला लागले, प्रतिपिंडांच्या चाचण्यांनी सेंट लुईस एन्सेफलायटिसकडे, याच कुळातल्या आणखी एका विषाणूकडे, बोट दाखवलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तसं जाहीरही झालं. त्याच आठवड्यांत शहरात कावळे मरत होते, ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातले पक्षीही मरत होते. तिथल्या पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना, कारण सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांना असा मारत नाही. अखेर जनुकीय क्रम वाचला तेव्हा तो वेस्ट नाइल निघाला, पश्चिम गोलार्धात पहिल्यांदाच. प्रतिपिंडांची चाचणी खोटं बोलली नव्हती. तिला भावंडं दिसली होती, त्यातलं जे नाव यादीत होतं ते तिने सांगितलं.

२००७ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या याप बेटावरही असंच झालं. पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी. डेंग्यूच्या किटवर काही जण आयजीएम पॉझिटिव्ह. तिथल्या डॉक्टरांना हा आजार नेहमीच्या डेंग्यूसारखा वाटेना, म्हणून त्यांनी नमुने पुढे पाठवले, आणि त्यांत झिकाचा आरएनए मिळाला. १९४७ मध्ये युगांडातल्या झिका जंगलात एका माकडाच्या रक्तात सापडलेला विषाणू साठ वर्षांनी एका बेटभर पसरलेला होता आणि सुरुवातीला तो डेंग्यूच्या नावाखाली मोजला जात होता. फॉर्मला टाचलेल्या त्या बाहेरच्या रिपोर्टकडे मी पुन्हा पाहिलं. तोही डेंग्यूचाच किट होता.

उरली होती एकच चाचणी, पीआरएनटी. प्रतिपिंड विषाणूला नुसतं चिकटतं की त्याला खरोखर निकामी करतं, हे ही चाचणी पाहते. विषाणू ओळखण्याच्या बाबतीत चिकटण्यापेक्षा निकामी करण्याला जास्त किंमत आहे. तिला जिवंत विषाणू लागतो आणि व्हेरो पेशी लागतात. या पेशी १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवल्या गेल्या. एस्पेरांतो भाषेतल्या ‘हिरवं मूत्रपिंड’ या शब्दांची टोकं जोडून हे नाव केलेलं आहे, आणि त्याच भाषेत ‘व्हेरो’ म्हणजे सत्य. विषाणू वाढवायला आम्ही डासाच्या पेशीही वापरतो. त्या पेशींचं मूळ पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्रात आहे. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून त्या वाढवल्या, आणि पुढे १९७८ मध्ये इगाराशी यांनी त्यांतून निवडलेला सी६/३६ हा क्लोन जगभरच्या डेंग्यू प्रयोगशाळांत पोचला. फ्लास्क हातात घेताना मला हे दर वेळी आठवतं.

पीआरएनटी घाईने होत नाही. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, मग ते दुप्पट-दुप्पट पातळ करत न्यायचं: एकास दहा, एकास वीस, एकास चाळीस, असं पुढे. प्रत्येक पातळीत मोजून विषाणू मिसळायचा, तासभर ३७ अंशांवर ठेवायचं आणि मग पेशींच्या थरावर ओतायचं. वरून घट्टसर जेलचा थर द्यायचा, म्हणजे विषाणू पोहत लांब जात नाही. जिथे शिरला तिथल्याच शेजारच्या पेशी मारतो. पाच-सहा दिवसांनी जांभळ्या रंगाने रंगवलं, की जिवंत पेशींच्या जांभळ्या पार्श्वभूमीवर मेलेल्या पेशींची पांढरी भोकं दिसतात. ते प्लाक. सीरमने विषाणू अडवला असेल तर भोकं कमी. ज्या शेवटच्या पातळीपर्यंत नव्वद टक्के भोकं बंद होतात, तो टायटर; आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडं जास्त.

एका पेशंटच्या एका नमुन्यासाठी मला हे झिकासाठी आणि चारही डेंग्यूंसाठी लावायचं होतं, शिवाय त्या लहानपणच्या लशीमुळे जपानी मेंदूज्वरासाठीही. मेंदूज्वराचं काम वरच्या जैवसुरक्षा पातळीच्या खोलीत करावं लागतं, ती खोली आठवड्यातून दोनच दिवस आमच्या वाट्याला यायची. सीरम उरलेलं साडेचारशे मायक्रोलिटर. वहीत आधी हिशेब मांडला, एक थेंब वाया जाऊन चालणार नव्हतं.

आणि पहिली बॅच फुकट गेली. सहाव्या दिवशी प्लेट रंगवली तेव्हा व्हायरस कंट्रोलच्या, म्हणजे सीरम न घालता नुसता विषाणू घातलेल्या खाचांत, जिथे पन्नास-साठ भोकं मोजता यायला हवी होती, तिथे सगळं एकमेकांत मिसळून पांढरं झालेलं. विषाणूचं माप मीच चुकवलं होतं. दोन वायल एकाच रॅकमध्ये शेजारी होत्या आणि मी दहापट जास्त ताकदीची उचलली. पेशंटच्या खाचा मात्र बऱ्यापैकी दिसत होत्या, आकडे काढता आले असते. सरांना दाखवलं. ते म्हणाले, “कंट्रोल पडला ना? मग ती प्लेट नाहीच असं समज.” प्लेट ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकली. एक आठवडा आणि सीरमचा तिसरा हिस्सा गेला, आणि तिकडे गर्भाचा एक आठवडा पुढे सरकला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरी बॅच बरोबर लागली. झिका ३२०. डेंग्यू-१ ला १६०, डेंग्यू-२ ला ६४०, डेंग्यू-३ ला ३२०, डेंग्यू-४ ला ८०. मेंदूज्वर ४०, ती बहुधा लहानपणच्या लशीची खूण.

नियम असा, की एका विषाणूचा टायटर बाकीच्यांच्या निदान चौपट हवा, तरच त्याचं नाव घ्यायचं. ज्या माणसाला या कुळातला विषाणू आयुष्यात पहिल्यांदाच भेटतो, त्याच्यात हा नियम छान चालतो. पण आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर शरीराची स्मरणशक्ती मध्ये येते. नवा विषाणू आत येतो, जुन्या स्मृतिपेशींना तो ओळखीचा वाटतो आणि त्या आधी ठरलेली प्रतिपिंडं ढिगाने सोडायला लागतात. कधी कधी जुन्या शत्रूचा टायटर नव्यापेक्षा वर जातो. म्हणजे आमच्या ६४० चे दोन अर्थ निघत होते: आत्ता डेंग्यू-२ झालाय, किंवा नऊ वर्षांपूर्वी डेंग्यू-२ झाला होता आणि आत्ता झिकाने त्याची आठवण जागी केलीय.

दुसरा नमुना तिसाव्या दिवशी आला. झिका १२८०. डेंग्यू-२ सुद्धा १२८०. डेंग्यू-३ पण १२८०. अठरा दिवसांत झिका चौपट वाढला, डेंग्यू-३ ही चौपट. संसर्ग ताजा आहे एवढं त्यातून नि:संशय कळलं, नाव मात्र कळलं नाही.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली, जी पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. बाहेरच्या लॅबने किटची चाचणी केली, ती कितव्या दिवशी? रिपोर्टवरची तारीख पाहिली: तापाचा पाचवा दिवस. पाचव्या दिवसाच्या त्या सीरमचे दोनशे मायक्रोलिटर जरी कुठे गोठवलेले मिळाले असते, तर पीसीआरने नाव सांगितलं असतं. तिथे फोन लावला. पलीकडच्या मुलाने वही चाळून नम्रपणे सांगितलं, की त्यांच्याकडे नमुने सात दिवस ठेवतात, नंतर टाकतात. आम्हाला तो फॉर्म मिळाला त्याच दिवशी सातवा दिवस भरत होता. मी त्या दिवशी दुसरा एक फोन करायला हवा होता. मी केला नाही. त्या मुलाची काही चूक नव्हती, त्याने नियम पाळला होता. तेव्हापासून संशयित नमुना आला, की पेशंटचं याआधीचं रक्त कुठे-कुठे गेलं आहे आणि ते अजून शिल्लक आहे का, हे मी त्याच तासात विचारते. साध्या हिमोग्लोबिनसाठी घेतलेल्या नळीतूनही आम्हाला दोनदा विषाणू मिळालाय.

रिपोर्ट लिहायला पूर्ण दुपार गेली. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘डेंग्यूची शक्यता अधिक’ असं वाक्य होतं. सरांनी पेन्सिलने त्याखाली रेघ मारली.

“हे वाक्य वाचून त्या डॉक्टर काय करतील?”

“थोड्या निवांत होतील.”

“त्यांना निवांत करण्याइतका पुरावा आहे तुझ्याकडे?”

नव्हता. शेवटी असं लिहिलं: ‘अलीकडे फ्लॅव्हिव्हायरसचा संसर्ग झाल्याचा पुरावा आहे. उपलब्ध नमुन्यांवरून डेंग्यू की झिका हे ठरवता येत नाही. झिका नाकारता येत नाही.’

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. “सहा आठवडे थांबलो, मॅडम. मी तिला आता काय सांगू?” आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी म्हटलं, की निर्णय घेण्यापुरतं झिका झाला असंच धरून चला. डेंग्यू असेल तर त्याचा धोक्याचा काळ केव्हाच टळलाय. झिका असेल तर लक्ष बाळाकडे ठेवायचं आहे. दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी, डोक्याचा घेर आणि मेंदूची वाढ पाहायची. नवऱ्यालाही सांगा, झिका शरीरसंबंधातून पसरतो, गर्भारपण संपेपर्यंत काळजी घ्या. त्या सगळं लिहून घेत होत्या, कागदावर पेनाचा आवाज येत होता. शेवटी म्हणाल्या, “डेंग्यू आहे म्हणून सांगितलं असतंत, तर मी यातलं काहीच केलं नसतं.”

पाच महिन्यांनी एक डबा आला. आत दोन दिवसांच्या बाळाचं रक्त आणि लघवी. फॉर्मवर सगळे रकाने भरलेले, डोक्याचा घेरसुद्धा, तो वयाला साजेसा होता. मागच्या बाजूला त्याच अक्षरात आईच्या नमुन्यांचे आमचे जुने नंबर, तारखांसह.

पीसीआर निगेटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह, डेंग्यूलाही आणि झिकालाही. आईचं आयजीएम वार ओलांडून बाळात जात नाही, त्यामुळे ते सापडलं असतं तर बाळाचं स्वतःचंच ठरलं असतं. एवढ्याने शंभर टक्के खात्री देता येत नाही, बाळाचे डोळे, कान आणि वाढ पुढेही तपासत राहावी लागते, हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं. पण त्या दिवशी लॅबमध्ये मी प्लेटच्या त्या स्वच्छ, रंग न आलेल्या खाचांकडे बराच वेळ पाहत उभी होते.

आयजीजी मात्र वार ओलांडतं. बाळाचं सीरम पुरेसं होतं, म्हणून पीआरएनटीही लावली. सहाव्या दिवशी रंगवून भोकं मोजली: झिका ६४०, डेंग्यू-२ ला ६४०. आईने दिलेली ती प्रतिपिंडं दीडेक वर्षात विरून जातील. तोवर ती बाळाच्या रक्तात आईच्या रक्तात होती तशीच राहणार होती, एकमेकांत गुंतलेली.